आधी ब्रेक, मग मोटर

जिन्याखाली, वाड्याच्या पडवीत नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीशेजारी एक जुनी सायकल हमखास सापडते. काळा रंग, अठ्ठावीस इंची चाकं, दांडीवर अर्धवट पुसलेलं सोनेरी नाव, हँडलपासून चाकापर्यंत उतरलेल्या लोखंडी सळयांचे ब्रेक आणि मागे पोतं पेलणारं कॅरिअर. ट्यूब कधीच्या बसलेल्या, सीटचं चामडं तडकलेलं, पण सांगाडा ठणठणीत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. त्या सायकलींचं पुढे काय झालं हे भंगारवाल्याच्या हातगाडीवर रोज दिसतं. अ‍ॅटलास सायकल कंपनीच्या साहिबाबादच्या कारखान्याला टाळं लागलं ते २०२० साली, ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी. आता मात्र या सांगाड्यांना नवं गिऱ्हाईक मिळालंय. चाकाच्या हबमध्ये बसणारी विजेची मोटर, एक कंट्रोलर, मुठीत फिरवायचा थ्रॉटल आणि कॅरिअरवर किंवा दांडीला बांधायची बॅटरी असं किट घरपोच येतं, आणि ओळखीचा सायकलवाला अर्ध्या दिवसात ते चढवून देतो. हौशी लोक त्यावर नवा रंग, तपकिरी सीट आणि पितळी घंटा लावून तिला ‘व्हिंटेज’ म्हणतात. नाव काहीही द्या, गाडी धावते.

हा उद्योग चांगला आहे आणि तो वाढावा, असं माझं मत आहे. तयार सांगाडा वितळवून नवा घडवण्यापेक्षा आहे तो वापरणं शहाणपणाचं, यावर वाद घालायचं कारण नाही. वाद आहे तो मोटर केवढी असावी यावर. बाजारात चढाओढ वॉटची आहे. २५० वॉटचं किट मागायला गेलेल्याला ३५० चं दाखवतात, ३५० वाल्याला ५०० चं. या चढाओढीत गिऱ्हाईक, दुकानदार आणि किट विकणारा असे तिघेही चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. सायकलला किती ताकदीची मोटर बसवायची हे मोटरच्या जाहिरातीवरून ठरत नाही. ती सायकल ओल्या रस्त्यावर किती वेगातून थांबू शकते, यावरून ते ठरतं. त्या मापाने पाहिलं तर आपल्या कायद्यातली २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा जाचक वाटत नाही. जुन्या सायकलला तेवढंच झेपतं.

सायकलला इंजिन लावायची कल्पना मोटरसायकलइतकीच जुनी आहे, किंबहुना मोटरसायकल तिच्यातूनच आली. विल्यम हार्लेने १९०१ साली ११६ सीसीच्या इंजिनाचा आराखडा काढला तो साध्या पॅडलच्या सायकलीत बसवण्यासाठी. १९०३ मध्ये ते यंत्र चाचणीला उभं राहिलं आणि मिलवॉकीच्या टेकड्यांवर पॅडल मारल्याशिवाय चढेना. हार्ले आणि त्याचा भागीदार डेव्हिडसन यांनी तो प्रयोग शिकवणी म्हणून सोडून दिला. पुढच्या यंत्रासाठी इंजिन तर मोठं केलंच, पण ते पेलायला सायकलचा सांगाडा टाकून वेगळा, वळवलेल्या नळीचा घडवला. जपानमध्ये १९४६ साली सोइचिरो होंडाने लष्कराच्या वायरलेस संचाची वीज बनवणारी छोटी इंजिनं मिळवून सायकलींना जोडली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून अंथरूण शेकायचा गरम पाण्याचा डबा लावला होता. त्या सायकली धडाधड खपल्या. पण तीनच वर्षांत, १९४९ मध्ये, ९८ सीसीची ‘ड्रीम’ आली तेव्हा होंडानेही सायकलची चौकट सोडून दाबलेल्या पत्र्याची चौकट घेतली होती. आपल्याकडे १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेल्या लूनाला पॅडल होतं, म्हणून कित्येक जण तिला इंजिनाची सायकल समजत. तिची चौकट, चाकं आणि ब्रेक मात्र पहिल्यापासून पन्नास सीसीच्या इंजिनासाठीच आखलेले होते. पॅडल फक्त पेट्रोल संपल्यावर आणि सुरू करताना कामाचं.

उलट जी यंत्रं सायकलच राहिली ती मुद्दाम हळू राहिली. फ्रान्सचं १९४६ चं व्हेलोसोलेक्स पुढच्या चाकावर रोलर घासून चालायचं आणि सायकलच्या चालीपेक्षा फार पुढे जायचं नाही. इंग्लंडचं १९५० चं ‘सायकलमास्टर’ म्हणजे मागच्या चाकात बसवलेलं जेमतेम २५.७ सीसीचं इंजिन, आजच्या हब मोटरचं पेट्रोलवरचं आजोबाच म्हणा. ही दोन्ही यंत्रं वर्षानुवर्षं टिकली. शंभर वर्षांच्या या अनुभवातून एक गोष्ट दिसते: ज्यांना वेग हवा होता त्यांनी सायकल सोडली, आणि ज्यांनी सायकल ठेवली त्यांनी वेग सोडला. दोन्ही एकदम साधायला निघालेल्यांची नावं इतिहासात फारशी सापडत नाहीत. आज आपल्या गल्लीत तोच प्रयत्न नव्याने चाललाय, फक्त पेट्रोलच्या जागी बॅटरी आलीय.

आता जरा त्या काळ्या सायकलीजवळ उकिडवं बसून पाहू. तिचा ब्रेक म्हणजे हँडलच्या मुठीखालची लोखंडी पट्टी, तिला जोडलेल्या सळया आणि टोकाला घोड्याच्या नालासारखा वाकवलेला तुकडा. त्यात बसवलेले रबराचे दोन ठोकळे रिमला बाजूने न धरता आतल्या अंगाने, हबच्या दिशेने असलेल्या पृष्ठावर दाबले जातात. रिम पोलादाची, वर चकचकीत मुलामा. कोरड्या हवेत, ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या चालीला हा ब्रेक ठीक काम करतो. सत्तर-ऐंशी वर्षं लोकांनी त्यावर निभावून नेलं आहे. पण गुळगुळीत पोलादावर पाण्याचा पातळ थर बसला की रबर घसरतं, आणि पावसाळ्यात ही सायकल चालवणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. दूधवाले आणि पोस्टमन पावसात उतारावर पाय घासत उतरायचे, ते काही गंमत म्हणून नाही. शिवाय किटबरोबर येणाऱ्या ब्रेकच्या मुठी वायरच्या ब्रेकसाठी बनवलेल्या असतात. त्यांच्या आत एक छोटा स्विच असतो, ब्रेक दाबला की मोटर त्याच क्षणी बंद पडावी म्हणून. सळईच्या ब्रेकवर या मुठी बसतच नाहीत. मग दुकानदार काय करतो? त्या खोक्यात तशाच ठेवून देतो. परिणाम असा की गिऱ्हाईक ब्रेक दाबतंय, मुठीतला थ्रॉटल घाबरून तसाच पिळलेला आहे, आणि मोटर इमानेइतबारे पुढे ओढतेय.

आकडे मांडून पाहिले की गोष्ट आणखी स्पष्ट होते. वेग दुप्पट झाला तर थांबवायची ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट. ओल्या रस्त्यावर बेताच्या ब्रेकने वेग दर सेकंदाला सेकंदामागे दोन मीटर एवढाच उतरतो असं धरा, आणि समोरचं पाहून हात आवळायला एक सेकंद धरा. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल साधारण साडेआठ मीटरमध्ये थांबेल. २५ ने जाणारीला एकोणीस मीटर लागतील. ४० ने जाणारीला बेचाळीस. शहरातली मोठी बस बारा मीटर लांब असते. म्हणजे जुन्या चालीची सायकल एका बसच्या लांबीच्या आत थांबते, कायद्याच्या मर्यादेतली दीड बसमध्ये, आणि ५०० वॉटची हौस केलेली साडेतीन बस ओलांडल्यावर. शाळा सुटताना, भाजी मंडईच्या तोंडाशी किंवा गल्लीतून रिक्षा अचानक बाहेर येते तेव्हा एवढी जागा कोण देणार?

ब्रेकनंतर सांगाडा. इंग्लिश वळणाच्या जुन्या सायकलींना पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असतात. बहुतेक हब मोटरींना भोकं असतात ३६. त्यामुळे मूळ रिम वापरताच येत नाही. रिम बदलावी लागते, नाहीतर काही जण स्पोक गाळून, वाकडेतिकडे विणून चाक उभं करतात. अशा चाकाचा आउट कितीही काढला तरी महिन्याभरात ते पुन्हा लटपटतं. मग येतो पुढचा चिमटा. जुन्या सायकलचा पुढचा अ‍ॅक्सल बारीक, मोटरचा जाड, आणि दोन पायांमधलं अंतरही मोटरला कमी पडतं. सर्रास चालणारा उपाय म्हणजे चिमटा पायाने फाकवायचा आणि अ‍ॅक्सल बसायच्या खाचा कानशीने घासून रुंद करायच्या. इथे काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा तिचा अ‍ॅक्सल तेवढ्याच जोराने उलटा फिरू पाहतो. तो जागेवर धरतात त्या फक्त खाचेच्या दोन कडा, ज्या नुकत्याच घासून पातळ केलेल्या असतात. २५० वॉटची मोटर सुरुवातीला तीसेक न्यूटन-मीटरचा पीळ देते. तो जेमतेम दहा मिलिमीटरच्या सपाटीवर पेलायचा म्हणजे कडांवर तीनशे किलोच्या आसपास जोर येतो. मोटर मोठी, तसा जोरही मोठा. एखाद्या दिवशी खाच उघडते, अ‍ॅक्सल गर्रकन फिरतो, तारा तुटतात आणि चाक चिमट्यातून सुटतं. यावरचा इलाज स्वस्त आहे. अ‍ॅक्सलला घट्ट बसणारी, चिमट्याच्या पायाला क्लॅम्पने बांधलेली पोलादी पट्टी लागते, तिला टॉर्क आर्म म्हणतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कोणताही कारागीर ती दुपारच्या चहापर्यंत कापून देईल. पण ती मागायची असते हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, आणि स्वस्तातल्या किटबरोबर ती बहुधा येत नाही.

यावर पहिली हरकत ठरलेली आहे: अडीचशे वॉटमध्ये होतं काय? ती युरोपातल्या सपाट रस्त्यांची मर्यादा, आपल्याकडे चढ आहेत, ओझी आहेत. हिशेब करून पाहू. साधा माणूस दिवसभराच्या कामात पायाने सत्तर-पंचाहत्तर वॉट सहज देतो. माणूस, सायकल आणि बॅटरी मिळून शंभर किलो वजन धरलं आणि वीस मीटर जाताना एक मीटर वर नेणारा चढ धरला, तर एवढ्या ताकदीवर सायकल ताशी साडेचार किलोमीटरने चढेल. म्हणजे उतरून हातात धरून ढकलत नेलेली बरी. त्यात २५० वॉटची मोटर आली, तिच्यातली काही ताकद उष्णतेत गेली असं धरलं, तरी तोच चढ ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने जातो. चढावर तिपटीहून अधिक वेग आणि कपाळावर घाम नाही, याहून रोजच्या वापराला काय हवं? सपाट रस्त्याचं म्हणाल तर वाहतुकीचा वेग मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होती. हा वेग ताशी अठरा किलोमीटर होतो, आणि तो मोटारींचा आहे. ज्या शहरात मोटारी अठराने सरकतात तिथे सायकलला चाळीसचा वेग कशासाठी हवा, हे मला समजत नाही. ओझ्याचा मुद्दा मात्र खरा आहे. सिलिंडर किंवा दुधाचे कॅन वाहणाऱ्याला अडीचशे वॉट कमीच पडणार. पण त्याचं उत्तर जुन्या चिमट्यात हजार वॉट कोंबणं हे नाही. त्याच्यासाठी नोंदणी आणि विमा असलेल्या, ओझ्यासाठीच आखलेल्या विजेच्या दुचाकी आता मिळतात. २०२४ मध्ये लूनासुद्धा विजेवर परत आली, ती याच गिऱ्हाइकासाठी.

कायदा काय म्हणतो हेही पाहायला हवं, कारण ‘सायकलला कुठे पासिंग लागतं’ या एका वाक्यावर सगळा बाजार उभा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या दुसऱ्या नियमात विजेवरच्या वाहनाला मोटार वाहन न मानण्याच्या अटी दिल्या आहेत. मोटरची अर्ध्या तासाची ताकद पाव किलोवॉटहून कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी हवा. पॅडलला साथ देणारी मोटर असेल तर पंचविसाच्या वेगाला किंवा पाय थांबताच ती बंद पडायला हवी. त्याच वाक्यात पुढे आणखी एक अट आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही: योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक. म्हणजे नियम करणाऱ्यांनी ब्रेकचा विचार केला होता. विसरलो ते आपण. या मर्यादेबाहेर गेलेली सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. तिला नोंदणी हवी, चालवणाऱ्याला परवाना हवा, तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा हवा. यातलं काहीच घरगुती बनावटीच्या गाडीला मिळत नाही, त्यामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून. आणि ती चालवणारा सोळा वर्षांचा मुलगा असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९९ अ हे कलम पालकाला लागू होऊ शकतं: पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून आजोबांच्या सायकलला मोठी मोटर बसवून देणाऱ्या आईवडिलांनी हे कलम एकदा वाचावं.

कागदावर अडीचशे असणं आणि खरोखर अडीचशे असणं यांतही फरक आहे. मोटरवर २५० कोरलेलं असतं, पण तिला वीज सोडतो कंट्रोलर. ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर म्हणजे क्षणभर ५४० वॉट. चढावर थोडा वेळ हे चालतं, म्हणूनच नियमात अर्ध्या तासाच्या ताकदीची भाषा आहे. पण कंट्रोलर आणखी मोठा घातला किंवा वेगमर्यादेची जोडणी सोडवली की शिक्का तोच राहतो आणि सायकल पस्तीस-चाळीसने पळते. ‘लॉक काढून देऊ का?’ असं काउंटरवर उघड विचारलं जातं. पेट्रोलच्या किटचं तर बोलायलाच नको. ८० सीसी म्हणून विकलं जाणारं ते दोन फटक्यांचं इंजिन मोजलं तर ४७ मिलिमीटर व्यास आणि ३८ मिलिमीटर धाव, म्हणजे ६६ सीसी भरतं. मोटार वाहन कायद्याची सूट २५ सीसीपर्यंतच आहे. प्रदूषणामुळे आपण जी दोन फटक्यांची इंजिनं रस्त्यावरून हद्दपार करत आणली, ती मागच्या दाराने सायकलवर आणण्यात काही अर्थ नाही.

दुसरी हरकत अभिजनांची, म्हणजे जुन्या सायकलींच्या शौकिनांची: हा वारशाचा खून आहे. पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. तिथे उभ्या असलेल्या सायकली पाहिल्या की ही हरकत निव्वळ भावनेची नाही हे कळतं. दुहेरी नळ्यांच्या चिमट्याची हंबर, तेलाच्या बंद पेटीत चेन फिरवणारी सनबीम, महायुद्धातली घडीची बीएसए या पुन्हा बनणार नाहीत, आणि त्यांना भोक पाडणं हा गुन्हाच समजावा. पण लाखांनी निघालेल्या साध्या देशी सायकलीला तोच न्याय लावला तर ती संग्रहालयात जाणार नाही, भंगारातच जाईल. माझ्या मते इथे एक साधी कसोटी पुरते. पाना घेऊन बसलं तर संध्याकाळपर्यंत सायकल मूळ रूपात आली पाहिजे. नळीला भोक नाही, वेल्डिंग नाही, कानस नाही. पितळाने जोडलेल्या जुन्या सांध्यांना वेल्डिंगची आच मानवतही नाही. गंमत म्हणजे ही कसोटी पाळायची तर मोटर आपोआप लहान राहते, कारण मोठीला पेलण्यासाठी सांगाडा कापावाच लागतो. राहिला व्यायामाचा आक्षेप. सात युरोपीय शहरांतल्या सायकलस्वारांची २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की मोटरची साथ घेणाऱ्यांचा एकूण व्यायाम साध्या सायकलवाल्यांपेक्षा कमी भरला नाही, कारण ते जास्त लांब जात होते. अर्थात पॅडल मारलं तर. नुसता थ्रॉटल पिळणाऱ्याची ढेरी कोणतीही मोटर कमी करणार नाही.

‘त्यापेक्षा नवीनच घ्या’ हा तिसरा आक्षेप, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. कारखान्यातून आलेल्या ई-सायकलला डिस्क ब्रेक असतात, ब्रेक दाबताच मोटर तोडणारा स्विच असतो, चाचणीचा कागद असतो. जुन्या सायकलला चांगली रिम, नवे ब्रेक, टॉर्क आर्म आणि भरवशाची बॅटरी असं सगळं रीतसर करायला गेलं तर खर्चातला फरक बराच कमी होतो, हे कबूल केलं पाहिजे. त्यामुळे पैसे वाचवणं एवढाच हेतू असेल तर या वाटेला जाऊ नये. ज्याच्याकडे सरळ, न गंजलेला सांगाडा आहे, ज्याला उंच सीटवर ताठ बसून चालवायची सवय आहे आणि ज्याचं रोजचं जाणं-येणं दहा-पंधरा किलोमीटरचं आहे, त्याच्यासाठी हा सौदा चांगला. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३६० वॉट-तास मावतात; चार्ज करायला अर्धं युनिटही लागत नाही, आणि पाय हलता ठेवला तर पंचवीस-तीस किलोमीटर निघतात. शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलशी याची तुलना वाचकांनी स्वतःच करावी. फक्त ही बचत बॅटरीतून काढायला जाऊ नये. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडून, त्यातल्या नळकांड्या जोडून बनवलेली पॅक अर्ध्या किमतीत मिळते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली अशा छोट्या वाहनांच्या लिथियम बॅटऱ्यांनी लावलेल्या आगीत अठरा माणसं गेली. त्याच वर्षी त्या शहराने वापरलेल्या सेलपासून पॅक बांधून विकण्यावर बंदी घातली आणि विकल्या जाणाऱ्या ई-सायकलींना प्रमाणपत्र सक्तीचं केलं. आपल्याकडे ही पॅक रात्री चार्जिंगला लागते ती बहुतेक वेळा जिन्याखाली, म्हणजे आग लागली तर बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर.

सरकारने काय करावं? बंदी नको. बंदी घातली की काम गल्लीच्या आणखी आतल्या बोळात जाईल, एवढंच. आजची तपासणीची व्यवस्था कारखान्यातून निघणाऱ्या मॉडेलसाठी आहे. उत्पादक नमुना पाठवतो, चाचणी संस्था तो पास करते. एकट्यादुकट्या जुन्या सायकलसाठी ती वाट नाही, आणि एकेक सायकल तपासायला नेणं व्यवहार्यही नाही. पण किट तर कारखान्यातच बनतं. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. मोटर, कंट्रोलर, बॅटरी आणि ब्रेकचा स्विच या चौघांची एकत्र चाचणी, कंट्रोलर सीलबंद, टॉर्क आर्म किटमध्येच, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत अर्ध्या तासाची ताकद असा निकष आखणं तिच्या आवाक्यातलं आहे. दुसरं काम आयटीआयचं. सायकल दुरुस्ती करणाऱ्याला छर्रे, कोन, कॉटर पिन आणि चाकाचा आउट यांचं ज्ञान कोणत्याही इंजिनिअरपेक्षा जास्त असतं. त्याला कमी पडतं ते विजेचं आणि बॅटरीचं. दोन-तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम त्याला पुरेल. होंडाने १९५२ मध्ये सायकलला जोडायचं ‘कब एफ’ इंजिन काढलं तेव्हा त्याच्या भागीदाराने जपानभरच्या सुमारे पन्नास हजार सायकल दुकानदारांना थेट पत्रं पाठवली होती. कंपनीचं विक्रीचं जाळं त्या दुकानदारांतून उभं राहिलं. आपल्याकडे त्याच दुकानदाराला आज पंक्चरवाला म्हणून सोडून दिलंय, आणि जे काम त्याने शिकून करायला हवं ते तो व्हिडिओ पाहून करतो.

तोवर ज्यांना सायकल बदलून घ्यायचीच आहे त्यांनी क्रम उलटा करावा. आधी सळईचे ब्रेक काढून जपून ठेवा. पुढे अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि लांब बाहूचा कॅलिपर ब्रेक बसवा, किंवा हबमधला ड्रम ब्रेक. मोटर मागच्या चाकात घ्या, अडीचशे वॉटचीच, टॉर्क आर्मसकट. ब्रेकच्या मुठीतला स्विच जोडलाय का ते स्वतः दाबून पाहा. चाक हवेत धरून थ्रॉटल पिळा आणि ब्रेकला बोट लावा, मोटर तत्क्षणी गप्प झाली पाहिजे. आणि दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी बादलीभर पाणी दोन्ही रिमांवर ओता, जवळच्या मोकळ्या उतारावर सायकल पंचविसाला न्या आणि ब्रेक दाबा. ब्रेक दाबल्यापासून बारा-तेरा मीटरच्या आत थांबली नाही तर किट परत करा.